आमच्या ह्यांनी शोधलेली अमेरिका

अमेरिका पहिल्यांदा कुणी शोधली यावर इथल्या लोकांची अजून भांडणं चालू आहेत, पण आमच्या घरापुरता तो प्रश्न गेल्या वर्षी निकालात निघाला. ती कोकणातल्या खलाशांनी शोधली, सातवाहनांच्या काळात. आणि ते खलाशी आमच्या ह्यांनी शोधले. त्यामुळे मान घरातच राहिला, आणि त्यापायी माझं घरी परत जाणं मात्र जिथल्या तिथे अडकलं.

ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. हे तेलाच्या पाइपलाइनींचे इंजिनियर, आणि मी इथल्या एका शाळेच्या लायब्ररीत. लग्न करून आले तेव्हा ह्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं की दोनच वर्षं, मग परत. ती दोन वर्षं भलतीच लांबली. आधी ग्रीन कार्ड, मग मुलाची शाळा, मग घराचे हप्ते. दर वेळी कारण अगदी खरं असायचं, म्हणून भांडताही यायचं नाही. शेवटी ठरलं की हे रिटायर झाले की पुण्याला जायचं, कायमचं. कोथरूडला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, शेजारचा फ्लॅट आम्ही कधीचाच घेऊन ठेवलाय. एकाच मजल्यावर, समोरासमोर दारं. किल्ली ताईकडे. ती दर आठवड्याला जाऊन आमचे नळ सोडून येते, नाहीतर गंजतात म्हणते. गुडघे गेलेत तिचे, पण नळ सोडायला जाते.

ताईचे यजमान बरीच वर्षं झाली गेले. मुलगा ऑस्ट्रेलियात. गेल्या वर्षी हे रिटायर झाले तेव्हा त्याने मला फोन करून स्पष्टच सांगितलं, "मावशी, आईला आता एकटं ठेवणं मला जमणार नाही. तू येणार असशील तर प्रश्नच नाही. नाहीतर दिवाळीनंतर मी तिचं एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात नाव घालतो." चांगला मुलगा आहे, त्याचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, येतोय रे बाबा, दसऱ्याची तिकिटं काढलीत. ताईने लगेच आमच्यासाठी पलंग करायला टाकला, सागवानी.

आणि नेमका तेव्हा तो दगड उपटला.

शुगर लँडहून तीन-साडेतीन तास गाडी हाकली की हिल कंट्री, म्हणजे टेकड्यांचा मुलूख, लागतो. तिथे एका म्हाताऱ्या गोऱ्याचं रँच आहे. त्याच्या कुरणात एक मोठा चुनखडीचा दगड आहे, आणि त्यावर ओरखडे आहेत. ओरखडे हा माझा शब्द. ह्यांचा शब्द शिलालेख. ह्यांनी कुठल्याशा व्हिडिओत तो पाहिला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, हा म आहे. ब्राह्मीतला म. खाली गोल, वर दोन शिंगं." मी पाहिलं. मला तो काटा-चमच्यातला काटा वाटला. पण हे आयुष्यभर प्रेशर गेज वाचत आलेले, त्यामुळे काहीही वाचता येतं असा त्यांचा आत्मविश्वास. एका आठवड्यात इंटरनेटवरून ब्राह्मी शिकले. दुसऱ्या आठवड्यात नाणेघाटातल्या लेखातल्या चुका काढायला लागले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही बरोबर होते, कारण लांबच्या प्रवासाला डबा कोण देणार. थालीपिठं, दही, लसणीची चटणी घेतली. रँचवाला भला माणूस. त्याने दगडावर पत्र्याची शेड उभारली होती, बसायला बाक ठेवला होता. त्याच्या मते तो लेख व्हायकिंगांचा. का, तर त्याचे पूर्वज नॉर्वेहून आले. त्याने आनंदाने सांगितलं की तुमच्याआधी एक बाई आली होती, तिच्या मते हे फिनिशियन लोकांनी कोरलंय; तिचं माहेर लेबनॉनचं. एक चिनी प्रोफेसर येऊन गेला, त्याला यात चिनी जहाज दिसलं. म्हातारा सगळ्यांना गोड आइस्ड टी पाजायचा आणि सगळ्यांचं सारख्याच कौतुकाने ऐकायचा. दगड त्याच्या घरचाच असल्याने कुणीही जिंकलं तरी त्याचं काही जात नव्हतं.

मी आपलं सहज विचारलं, "हे इथल्याच कुणी कोरलं नसेल? म्हणजे जे लोक मुळात इथे राहतच होते त्यांनी?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आमटीत केचप ओतलं.

मग ह्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी काय ते समजले. आमच्या घरी नवी वस्तू आली की तिला आधी हळदीकुंकू लागतं. गाडी आली की गाडीला, फ्रिज आला की फ्रिजला. इथल्या डीलरने एकदा विचारलंही होतं की पेंटला काही प्रॉब्लेम आहे का मॅडम, तुम्ही बोनेटवर काय चोळताय. तेव्हा पूर्वजांच्या शिलालेखाला तर लावायलाच हवं. मी पर्समधून डबी काढली. माझ्या पर्समध्ये ती असतेच, जशी इथल्या बायकांच्या पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली असते. हळद, कुंकू, वर चार अक्षता. "नीट लाव," हे म्हणाले, "अक्षरात बसू दे." मग मी पाण्यात कालवून अनामिकेने एकेका खाचेत दाबून लावलं. म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली. नारळ फोडला, त्याला खोबरं दिलं, त्याने ते चक्क खाल्लं. मी मनात म्हटलं, चला, एक दिवस छान गेला, आता दसऱ्याच्या तयारीला लागू.

कसली तयारी. जुलैत ह्यांनी तिकिटं कॅन्सल केली. मला न विचारता. संध्याकाळी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "संशोधन अर्धवट टाकून कसं जाणार? इथल्या मराठी मंडळाने गणपतीत माझं व्याख्यान ठेवलंय. दिवाळीनंतर बघू."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर ताई वृद्धाश्रमात असेल."

"थोडं मागेपुढे होईल एवढंच."

मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सनीव्हेलला राहणाऱ्या आमच्या मुलाला फोन केला, तर तो म्हणतो, "मॉम, लेट हिम हॅव अ हॉबी." हॉबी! लोक टोमॅटो लावतात, गोल्फ खेळतात. ह्यांच्या हॉबीपायी माझी सत्त्याहत्तर वर्षांची बहीण घर बंद करून परक्यांत जाऊन राहणार होती. ताईला हे सांगायला फोन केला तेव्हा मी ह्यांच्या नावाने भरपूर बोलून घेतलं. ती मात्र शांत. "बरं बरं," म्हणाली, "त्यांना अमेरिका सापडली की या. पलंग कुठे पळून जात नाही."

ऑगस्टच्या उन्हात हे पुन्हा रँचवर जाऊन आले. या वेळी मी गेले नाही, डबाही दिला नाही. आयुष्यभर पाइपलाइनीतून तेलाचे नमुने काढलेला माणूस, सगळं अगदी शास्त्रोक्त केलं म्हणे. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, निर्जंतुक पाती, निर्जंतुक बाटल्या. आपल्या हाताचा घामसुद्धा नमुन्याला लागू नये इतकी काळजी. खाचांच्या अगदी तळाशी काहीतरी रंग असल्यासारखा दिसत होता, तो खरवडून आणला. मंडळात एक रिटायर्ड केमिस्ट काका आहेत, रिफायनरीतले. त्यांची अजून एका लॅबमध्ये ओळख आहे. बाटल्या त्यांच्याकडे गेल्या.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी काका सकाळीच घरी आले. मी पोहे केले होते. राग असला तरी दारात आलेल्याला पोहे द्यावेच लागतात. काका खुर्चीच्या कडेला बसले होते, सांगण्यासारखं काही असलं की ते तसेच बसतात.

"खाचेत सापडलेला रंग," ते म्हणाले, "दगडाचा नाही. वनस्पतीचा आहे. पिवळा आणि लाल. पिवळा जो आहे, तो आम्ही दोनदा तपासला. हळद आहे."

ह्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "हळद," हे म्हणाले. मग पुन्हा, "हळद!" डोळ्यांत पाणी. "टेक्सासच्या दगडात हळद. इथे हळद उगवत नाही हो काका. ही कुठून आली? जहाजातून आली. खलाशांनी आपल्या लेखाची पूजा केली होती."

"आणि लाल?" मी विचारलं.

"तीही हळदच. चुना मिसळून लाल केलेली. आपल्याकडे कुंकू करतात तशी."

"कुंकू," हे म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. इतकं निर्मळ हसू मी ह्यांच्या चेहऱ्यावर मुलगा झाला तेव्हा पाहिलं होतं. मला क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. पण मग कोथरूडच्या बंद फ्लॅटमधले नळ आठवले.

"अहो," मी म्हटलं, "ती माझी हळद आहे."

कुणालाच कळेना मी काय म्हणतेय.

"मी लावली होती. एप्रिलमध्ये. तुम्हीच सांगितलंत, नीट लाव, अक्षरात बसू दे. इंडियन ग्रोसरीतली हळद आहे ती. आत्ता तुम्ही खाताय त्या पोह्यांतसुद्धा तीच आहे."

काकांनी पोह्यांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "हं. तरीच इतकी ताजी होती." बिचाऱ्यांना हसू आवरत नव्हतं आणि हसणंही बरं दिसत नव्हतं. त्यांनी पोहे संपवले, लिंबू मागून घेतलं, आणि निघून गेले.

मला अजून नवल वाटतं ते याचं, की ह्यांना आठवलंच नाही. हा माणूस वीस वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्हचे नंबर सांगतो. पण बायकोने दगडाला हळदीकुंकू लावलेलं, तेही स्वतः सांगून लावायला लावलेलं, डोक्यातून साफ गेलं. मग माझ्या लक्षात आलं, की ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. आपण ते इतक्या कशाकशाला लावत आलोय, उंबऱ्याला, गॅसला, कॉम्प्युटरला, की ते आता दिसत नाही. हातमोजे घातले, मास्क लावला, सगळ्या जगाची भेसळ टाळली, आणि घरची भेसळ तेवढी बाटलीत भरून आणली. दुसरा कुणी असता, तो नॉर्वेवाला किंवा ती फिनिशियन बाई, त्यांनी ही चूक केलीच नसती. त्यांना ती जमलीच नसती.

व्याख्यान रद्द होईल असं मला वाटलं. पण हे मागे हटणाऱ्यातले नाहीत. "हळदीचं नाही बोलणार," एवढंच म्हणाले. गणपतीच्या दिवशी हायस्कूलच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात आरती झाली, मोदक झाले, आणि हे झब्बा घालून उभे राहिले. पडद्यावर सोपारा, चौल, मान्सूनचे वारे, समुद्रातले प्रवाह, आणि शेवटी तो दगड. लोकांनी मनापासून ऐकलं. टाळ्या पडल्या. इथे आमच्या लोकांना, आपण नंतर आलेलो नाही, हे कुणी सांगितलं की फार बरं वाटतं. मलाही वाटलं असतं, जर माझी तिकिटं कॅन्सल झाली नसती.

मग प्रश्नोत्तरं. पुढच्या रांगेत एक काकू होत्या, अर्विंगहून मुलीकडे आलेल्या, पहिल्यांदाच भेटत होत्या. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "छान सांगितलंत हो. पण मग ते परत गेले का? की इथेच राहिले?"

हे पडद्याकडे वळले. माइक तोंडाशी धरलेला. पडद्यावर दगड. मला वाटलं, आता काहीतरी समुद्रप्रवाहाचं सांगतील.

"माहीत नाही," हे म्हणाले. "बहुतेक दोन वर्षांनी जाऊ म्हणाले असतील."

सभागृह हसून लोटपोट झालं. इतकं हसले लोक, की कुणीतरी डोळे पुसत होतं. सगळ्यांची घरं तशीच ना. मी हसले नाही. कारण हे हसत नव्हते.

घरी येताना हे गाडी चालवत होते आणि मी मोदकांचा उरलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते. हायवेवर नेहमीची गर्दी होती. एका एक्झिटपाशी गाडी थांबून राहिली तेव्हा हे म्हणाले, "मला पुण्याला जायचं नाही."

मी मोदकांच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"दगड नसता तरी नसतो गेलो. दुसरं काहीतरी काढलं असतं. गेल्या वेळी तुझ्या ताईच्या घरासमोर मी रस्ता ओलांडायला उभा होतो, आठवतं? एका शाळेतल्या मुलीने हात धरून नेलं. तिथे मला कोण ओळखतं? बँकेत गेलो तर फॉर्म भरता येत नाही. इथे निदान, कुठल्या पाइपमधून काय वाहतंय ते मला कळतं." थोडं थांबून म्हणाले, "मला असं कुणीतरी हवं होतं, जो आला आणि राहिला. आणि ज्याला कुणी उठल्याबसल्या विचारलं नाही, की परत कधी येतोस."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस मला आज जाऊ उद्या जाऊ करत आला, आणि त्यालाच ठाऊक होतं की जायचं नाही. एका दगडाला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या खलाशांना, सगळ्यांना कामाला लावलं, पण मला एवढं एक वाक्य सांगितलं नाही. आणि तरी ते रस्ता न ओलांडता आलेलं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तेव्हा बाल्कनीतून पाहत होते. मला वाटलं होतं, हे त्या मुलीला रस्ता ओलांडून देतायत.

"मला जायचंय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"ताईला आश्रमात जाऊ देणार नाही मी."

"माहीत आहे गं. तू जा." पुढची गाडी हलली, तसे हेही हलले. "माझं मी बघेन. कुकर लावता येतो मला."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी कॉम्प्युटर उघडला. हे माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि माझ्या पासपोर्टचा नंबर वाचून दाखवला. सीट कुठली हवी, शाकाहारी जेवण हवं का, व्हीलचेअर सांगू का, सगळं त्यांनीच विचारलं. परतीची तारीख विचारणारी चौकट आली तेव्हा मात्र ते उठून चहा टाकायला गेले. मी ती चौकट रिकामी ठेवली.

तिकीट झाल्यावर ताईला फोन लावला. तिथे संध्याकाळ झाली होती, मागे तिच्या टीव्हीवर मालिका चालली होती.

"ताई, दिवाळीच्या आधी येतेय."

तिने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. "खरं? नक्की ना? त्याला कळवते मग लगेच, आश्रमाचं नको म्हणून." आनंदाने तिला धाप लागली होती. मग म्हणाली, "दोघांचं झालं ना तिकीट?"

"नाही. मी एकटीच. हे इथेच राहतायत."

मग तिने जे म्हटलं ते अगदी मायेने म्हटलं, शपथेवर सांगते, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. "ये गं राणी," ती म्हणाली. "म्हणजे आता आपण दोघी सारख्याच झालो."

आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो. हे ओट्यापाशी चहा गाळत होते. त्यांनी गाळणं बाजूला ठेवलं, माझा कप आणून माझ्यासमोर ठेवला.

"त्यांना सांग," हे म्हणाले, "मी आहे म्हणावं अजून."

ताईने तोवर फोन ठेवला होता.